जुन्या ट्रकला कायद्यात जागा द्या

प्रति,
मा. नितीन गडकरी,
केंद्रीय मंत्री, रस्ते वाहतूक व महामार्ग,
नवी दिल्ली



आमच्या शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९६६ सालचा एक ट्रक उभा आहे. टाटा-मर्सिडीज १२१०. पुढच्या जाळीवर तीन टोकांचा तारा अजून शाबूत आहे. सेल्फ मारला की इंजिन धरतं, ब्रेक लागतात, दिवे लागतात, हौद्याची एकही फळी कुजलेली नाही. माझ्या पुतण्याने आणि आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तीन वर्षं खपून तो उभा केला. पण शेतातली वाट संपून डांबरी रस्ता लागतो तिथे तो थांबवावा लागतो. त्यापुढे तो बिनापासिंगचा, बिनाविम्याचा ट्रक ठरतो. पासिंग करून घ्यावं म्हणून गेलो, तर आम्हाला हवी ती नोंद आरटीओच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

म्हणून आपल्याला लिहिते आहे. पत्र खुलं ठेवलं, कारण जुनी मालगाडी जपून ठेवणारं घर आमचं एकट्याचं नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हा ट्रक घेतला तेव्हा मी सहा वर्षांची होते. आईच्या पाटल्या त्यात गेल्या. कराडचा गूळ मुंबईला मशीद बंदरला जायचा आणि येताना खत, सिमेंट, कधी कापडाच्या गाठी यायच्या. बोर घाटात शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करून नाणं टाकल्याशिवाय आबा कधी पुढे गेले नाहीत. घाटाची वाट ज्या धनगराने दाखवली त्याचं ते देऊळ, असं सगळे ड्रायव्हर लोक मानतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या ओसरीची भिंत तडकली आणि आम्ही सगळे अंगणात येऊन उभे राहिलो. उजाडताच आबांनी गाडी पाटणच्या रस्त्याला घातली. जाताना हौद्यात घोंगड्या, भाकऱ्यांची गाठोडी आणि पाण्याची पिंपं होती. येताना पेंढ्याच्या थरावर निजवलेली जखमी माणसं होती. खड्डा आला की मागून कण्हण्याचा आवाज येई, म्हणून चार दिवस तिसऱ्या गिअरच्या वर गाडी नेली नाही, असं आबा सांगत. पुढे १९७२ च्या दुष्काळात याच हौद्यातून रेशनच्या लाल मिलोची पोती गावोगाव गेली. माझ्या वयाच्या माणसांना त्या मिलोच्या भाकरीची चव अजून आठवते. ती पोती गावापर्यंत कुणी आणली हे मात्र कुणाला आठवत नाही.

ट्रकचं असंच होतं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली, हे शाळेतली मुलंसुद्धा सांगतात. मी शिक्षिका होते, मीही ते शिकवलं. ट्रकसाठी असा कुठला दिवस नाही. वास्तविक आपल्या देशात मोटारींची जुळणी सुरू झाली ती मुंबईत, शिवडीला, १९२८ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या डिस्पोजलच्या गाड्या लोकांनी घेतल्या आणि कितीतरी घरांचा मालवाहतुकीचा धंदा त्यावर उभा राहिला. कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो निघाले. १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनवायला घेतली. तो करार १९६९ मध्ये संपला आणि जाळीवरचा तारा जाऊन तिथे टी हे अक्षर आलं. तारा असलेला ट्रक दिसला की तो त्या पंधरा वर्षांतला, हे जाणकार लांबून ओळखतो. १२१० हे नावही बोलकं आहे. बारा टन एकूण वजन आणि शंभर अश्वशक्ती. कोयना, उजनी, जायकवाडी ही धरणं, साखर कारखाने, एमआयडीसीच्या वसाहती, हे सगळं उभं राहत होतं तेव्हा त्याची खडी, सिमेंट, लोखंड वाहिलं ते या पिढीच्या गाड्यांनी. त्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या. उरल्या त्या बोटांवर मोजण्याएवढ्या.

आता कायद्याकडे येते.

जुलै २०२१ मध्ये आपल्या मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत ८१-अ पासून पुढचे नियम घातले आणि पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. ते काम फार चांगलं झालं. तोपर्यंत प्रत्येक राज्यात वेगळी रीत होती. आता नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला पाच हजार. राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरं असलेली वेगळी पाटी मिळते, आणि आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. आमच्या ट्रकचा तीन अक्षरी जुना नंबर आबांनी स्वतः रंगवून घेतला होता. त्यामुळे ही शेवटची सोय वाचून घरात सगळ्यांना आनंद झाला. तो आनंद दोन दिवस टिकला. नियम नीट वाचल्यावर कळलं, की ही व्याख्या दुचाकीसाठी आणि स्वतःच्या वापराच्या प्रवासी चारचाकीसाठी आहे. मालगाडीचा वर्ग तिच्यात नाही.

यात कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. जुनी गाडी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती संस्थानिकाची मोटार, पितळी दिव्यांची, रविवारच्या फेरीत हात हलवत जाणारी. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोरही तीच असणार. पण तीन पिढ्या घामाने चालवलेली गाडीही वारसाच आहे. ती प्रवासी वर्गात जन्माला आली नाही एवढ्यावर तिला बाहेर ठेवू नये.

व्हिंटेजचं दार बंद म्हटल्यावर आम्ही दुसऱ्या दाराशी गेलो. नेहमीचा मालवाहू ट्रक म्हणून पुन्हा पासिंग करून घ्यायचं. गाडी थांबवली तेव्हाच आबांनी वापर बंद असल्याचा अर्ज दिला होता आणि त्याची पोच आरसी बुकात जपून ठेवली होती. कार्यालयातल्या माणसाने ती पोच बघितली, कागद चाळले आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं. त्याने एकही गोष्ट नियमाबाहेरची सांगितली नाही. कायद्याप्रमाणे माल वाहण्यासाठी बांधलेलं वाहन म्हणजे मालवाहू वाहन, आणि मालवाहू वाहन म्हणजे परिवहन वाहन, मग तुम्ही भाडं घ्या किंवा स्वतःच्या शेतातला गूळ न्या. तीन टनांवरच्या गाडीला परमिट लागतं, स्वतःच्या मालासाठीसुद्धा. गाडी आठ वर्षांच्या पुढची म्हणून फिटनेस दरवर्षी. पंधरा वर्षांवरच्या मालगाडीची फिटनेस फी १ एप्रिल २०२२ पासून वाढवली, तेव्हा ती मध्यम गाडीला दहा हजार आणि जड गाडीला साडेबारा हजार झाली. त्यावर रस्ता कर, आणि आपल्या राज्यात आठ वर्षांवरच्या परिवहन वाहनाला पर्यावरण कर. मागच्या बाजूला परावर्तक पट्टी लावा, तीही त्याने सांगितली. ती पट्टी आम्ही आनंदाने लावू. रात्री मागून येणाऱ्या माणसाचा जीव त्यावर असतो.

हा सगळा हिशेब रोज चालणाऱ्या, महिन्याला हजारो किलोमीटर कमावणाऱ्या ट्रकसाठी बांधलेला आहे आणि तिथे तो बरोबरच आहे. आमची गाडी वर्षातून किती चालेल? आमचा गूळ आणि धान्य दोन-तीन वेळा कराडच्या बाजारात न्यायचं. भावाची १९५० च्या दशकातली जीप आहे, ती कुठे प्रदर्शनात न्यायची झाली तर हौद्यात चढवून न्यायची. गावात पावसाळ्यात एखादी गाडी चिखलात रुतली, बंद पडली, तर टोचन लावून ओढून काढायची. गणपतीत मूर्ती आणायची. सगळं धरून पाचशे-सातशे किलोमीटर. त्यातून एक रुपया कमवायचा नाही.

मग शेडमध्येच का ठेवत नाही, असं आम्हाला विचारतात. याचं उत्तर आमच्या मिस्त्रींकडून ऐकावं. ट्रक उभा ठेवला की मरतो, असं ते म्हणतात. ऑइल सील कोरडे पडतात, टाकीत डिझेल सडतं, पाट्यांना गंज चढतो, टायर एका जागी बसून चपटे होतात. मोटार नुसती चालवली तरी जिवंत राहते. ट्रकच्या कमानी बारा टनांच्या हिशेबाने घडवल्या आहेत, रिकाम्या हौद्याने त्या नीट बसतही नाहीत. थोडं वजन अंगावर घेऊन चालणं हीच त्याची तब्येत. व्हिंटेज वाहन प्रदर्शनाला, फेरीला, इंधन भरायला आणि दुरुस्तीला नेता येतं, नेहमीच्या किंवा व्यावसायिक वापराला नेता येत नाही. मोटारीला हे पुरतं. ट्रकचं जतन ओझं वाहण्यातच आहे, म्हणून त्याच्यासाठी नियमात थोडी वेगळी जागा लागेल.

विम्याची गोष्ट याहून अवघड आहे, आणि या पत्रातला माझ्या दृष्टीने सर्वांत कळीचा भाग तोच आहे.

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि तो असायलाच हवा. साठ वर्षांच्या ट्रकखाली सापडलेला माणूस नव्या ट्रकखाली सापडलेल्या माणसाएवढाच जखमी होतो. त्याच्या भरपाईत एक पैशाची सवलत मला नको. मी बोलते आहे ती हप्त्याबद्दल. आपल्या मंत्रालयाच्या २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे साडेसात ते बारा टनांच्या मालगाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २७,१८६ रुपये आहे. त्याच दरपत्रकात पंधराशे सीसीवरच्या खासगी मोटारीला ७,८९७ रुपये आहेत, आणि ती व्हिंटेज म्हणून नोंदलेली असेल तर त्याच्या निम्मे. म्हणजे चार हजारांच्या आत. ही निम्मी सवलत देताना सरकारने एक गोष्ट मान्य केली, की जुनी जपलेली गाडी कमी चालते, जपून चालते, म्हणून तिच्यामुळे रस्त्यावरची जोखीम कमी होते. मग जुन्या ट्रकलाही तेच तत्त्व लागू व्हायला हवं. आमची गाडी वर्षाला सातशे किलोमीटर जाणार आणि पुणे-बंगळूर महामार्गावर रोज रात्र काढणारी गाडी लाखभर किलोमीटर जाणार. दोघींना हप्ता एकच.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ही आणखी वेगळी अडचण. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विम्याची किंमत घसाऱ्याच्या तक्त्यावरून ठरते. त्यापुढे ती कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवायची असते. आम्ही एका विमा कार्यालयात गेलो तेव्हा संगणकाच्या यादीत टाटा-मर्सिडीज हे नावच सापडेना, आणि नाव नाही म्हणून किंमत नाही. शेवटी तिथल्या मुलीने भंगाराच्या वजनाचा आकडा सुचवला. तीन वर्षांची मेहनत, ठिकठिकाणच्या जुन्या बाजारांतून हुडकून आणलेले नोझल आणि फ्युएल पंपाचे भाग, सागवानी हौदा, या सगळ्याला किलोचा भाव लागला तेव्हा माझा पुतण्या काही न बोलता बाहेर जाऊन उभा राहिला. २००२ च्या जुन्या मोटार टॅरिफमध्ये १९४० अखेरपर्यंतच्या प्रमाणित मोटारींसाठी ‘ठरलेल्या किमतीचा’ विमा द्यायची रीत होती. दोन्ही बाजूंनी आधी मूल्य ठरवायचं, गाडी पूर्ण गेली तर तेवढं द्यायचं. ती रीतही खासगी मोटारींपुरतीच होती. पण म्हणजे कल्पना आपल्याकडे नवी नाही. ती ट्रकपर्यंत आणायची आहे, इतकंच.

टोचनाबद्दलही लिहिते, कारण खेड्यात हे रोजचं काम आहे आणि विम्याचा कागद फार थोडे लोक वाचतात. मालगाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत बंद पडलेली एक गाडी ओढून न्यायला परवानगी असते, पण मोबदला घ्यायचा नाही, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीला किंवा तिच्यातल्या मालाला इजा झाली तर ती भरपाई पॉलिसीत येत नाही. म्हणजे शेजाऱ्याची गाडी उपकार म्हणून ओढताना दोरखंड तुटला आणि ती ओढ्यात गेली, तर तिचं नुकसान शेजाऱ्याने सोसायचं किंवा तुम्ही भरून द्यायचं. आणि ट्रकला परमिट नसताना हे केलं आणि रस्त्यावर तिसऱ्या कुणाला इजा झाली, तर मामला त्याहून गंभीर. परमिट नसणं हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग आहे, विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. जखमी माणसाच्या बाजूने तो न्याय्य आहे. पण त्याचा अर्थ आमच्यासारख्या घराला असा, की एका चांगल्या कामापायी चार एकर जमीन जाऊ शकते. आबांनी भूकंपाच्या सकाळी गाडी काढली तेव्हा त्यांच्यापुढे हा प्रश्न नव्हता, कारण त्यांचे कागद पूर्ण होते. आम्हालाही कागद पूर्ण करूनच गाडी काढायची आहे. तो मार्ग आपण मोकळा करावा एवढं मागणं आहे.

व्हिंटेजच्या व्याख्येत ट्रक आणताना एका गोष्टीचा विचार आधीच करावा लागेल. गाडी मूळ रूपात असावी, चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. मोटार कारखान्यातून पूर्ण बनून येते, तिला ही अट ठीक. त्या काळचा ट्रक मात्र बहुधा नुसती चेसिस म्हणून विकत मिळायचा. पुढचा दर्शनी भाग, इंजिन आणि चाकं. केबिन आणि हौदा बांधायचं काम गावोगावच्या सुतार-लोहारांचं. आमच्या गाडीची पहिली केबिन कराडच्या एका कारखान्यात लाकडाच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधली होती. ट्रकने दहा-बारा वर्षं उसाच्या मोळ्या आणि खडी वाहिली की हौदा बदलावाच लागे. अशा गाडीचं ‘मूळ रूप’ कुठलं धरायचं? १९६६ चा पहिला हौदा, १९७८ चा दुसरा, की ज्याच्या फाळक्यावर पेंटरच्या हातचं ‘हॉर्न ओके प्लीज’ अजून आहे तो तिसरा? ती ओळ गाड्यांवर लिहायला आपल्या राज्याने २०१५ मध्ये मनाई केली, तीही आता इतिहासात जमा झाली. माझं म्हणणं असं, की ट्रकसाठी मूळपणाची कसोटी चेसिस, धुरा, इंजिनाची जात आणि नंबर यांवर लावावी, आणि हौदा त्या काळच्या पद्धतीने बांधलेला असला म्हणजे पुरे. नाहीतर व्याख्येत मालगाडी आली तरी एकही खरा ट्रक त्या कसोटीला उतरणार नाही.

दुसऱ्या देशांनी हे कसं केलं ते थोडक्यात सांगते. जर्मनीत १९९७ पासून जुन्या गाड्यांच्या पाटीवर एच हे अक्षर येतं. तीस वर्षांवरची, मूळ रूपातली, तपासून घेतलेली गाडी असली की ती मिळते आणि ट्रकलाही मिळते. कर सगळ्या चारचाकींना एकच ठरलेला, वर्षाला १९१ युरो आणि काही सेंट, मग ती छोटी मोटार असो की दहा टनांचा ट्रक. इंग्लंडमध्ये १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी केवळ जुन्या व्यावसायिक गाड्यांची फेरी निघते, बस, ट्रक, दुधाच्या गाड्या, आगीचे बंब. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याचा कायदा मला विशेष आवडला. तिथे जुन्या गाडीची पाटी रोजच्या कामाला वापरता येत नाही, पण प्रदर्शनाला न्यायची दुसरी जुनी गाडी तिच्यातून वाहून नेता येते, असं कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे. भावाची जीप आमच्या हौद्यात चढवण्यासाठी आम्हाला एवढंच वाक्य हवं आहे.

यावर आपले अधिकारी दोन शंका काढतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिली धुराची. १९६६ च्या डिझेल इंजिनाला उत्सर्जनाचा कुठलाही निकष नव्हता, आपल्याकडे ते निकष १९९० च्या दशकात आले. आमची गाडी चढावर धूर सोडते, हे मी नाकारत नाही. म्हणून तिला वर्षाला किलोमीटरची मर्यादा घाला. हजार ठेवा. मीटरला सील लावा, प्रत्येक फेरीची वही ठेवायला लावा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कार्यक्रमाच्या परवान्याशिवाय येऊ देऊ नका. हे आम्हाला मान्य आहे.

दुसरी शंका गैरवापराची. सवलतीची पाटी लावून कुणी वाळू वाहायला लागला तर? आमच्या भागात नदीकाठी रात्री काय चालतं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे ही भीती मला समजते. पण वाळू वाहणारा माणूस पन्नास वर्षांच्या ट्रकच्या वाटेला जाणार नाही. त्याला भरवशाची, वेगाची, सुटे भाग कोपऱ्यावर मिळणारी गाडी लागते. तरीही भाड्याने माल वाहिला तर नोंदणी कायमची रद्द, अशी कडक अट घाला. हौद्यात मूळ क्षमतेच्या निम्मंच वजन भरता येईल असं ठरवा. पाटीचा रंग वेगळा द्या, म्हणजे नाक्यावरच्या हवालदारालाही लांबून ओळखता येईल.

तपासणी मात्र कडक ठेवा. जुना ट्रक रस्त्यावर सोडताना ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे यांत काडीची सूट देऊ नका. एवढंच करा, की तपासणाऱ्या माणसाला त्या काळचे ब्रेक कसे चालतात ते माहीत असू द्या. यंत्राचा आकडा नव्या गाडीच्या निकषावर बेतलेला असतो, जुन्या गाडीला जाणत्याचा हातही लागतो. नियमाप्रमाणे व्हिंटेज गाड्यांसाठी राज्यात समिती असते. त्या समितीवर एखादा निवृत्त एसटी फोरमन किंवा डिझेलचा जुना मिस्त्री घ्या. असे लोक आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. आमचेच मिस्त्री चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. इंजिनावर नुसता कान ठेवून ते कुठला नोझल टपकतो ते सांगतात. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, आणि गाड्या चालत राहिल्या तरच ते पुतण्याच्या हातात उतरेल.

तेव्हा, साहेब, माझी मागणी एवढी आहे. नियम ८१-अ च्या व्याख्येत मालवाहू वाहनांचे वर्ग घाला. अशा गाडीला भाडं न घेता स्वतःचा माल, दुसरं व्हिंटेज वाहन किंवा बंद पडलेली गाडी वाहून-ओढून नेण्याची मर्यादित परवानगी द्या, आणि त्यासाठी वेगळं परमिट लागू नये असं लिहा. थर्ड पार्टी हप्त्याची निम्मी सवलत ‘खासगी मोटार’ या दोन शब्दांपाशी थांबली आहे, ती व्हिंटेज मालगाडीपर्यंत आणा. ठरलेल्या किमतीचा विमा आणि टोचनाचं जोडकलम यांसाठी विमा नियामकाशी बोलणं करा. फी वीस हजार ठेवा, आम्ही भरू.

आबा २००९ मध्ये गेले. गाडी भंगारात देऊ नका, एवढंच ते म्हणाले होते. त्यांचं म्हणणं आम्ही पाळलं. पण गाडी न विकणं आपल्या हातात असतं, ती रस्त्यावर आणणं कायद्याच्या हातात आहे.

सध्या बॅटरीच्या तारा काढून ठेवल्या आहेत आणि दर अमावास्येला, जुन्या रिवाजाप्रमाणे, आम्ही बोनेटला नारळ फोडून अर्धा तास इंजिन चालवतो. नियमात बदल करण्याआधी आपल्या मंत्रालयाच्या कुणाला एखादा खरा ट्रक बघायचा असेल, चेसिस नंबर, आरसी बुक, हौद्याचे सांधे, सगळं तपासायचं असेल, तर शेडचं दार उघडं आहे. कराडहून पाटणच्या रस्त्याला लागलात की वाटेवरच आमचं शेत आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. कराड, जि. सातारा